विषय: पुण्यातल्या ब्रेझाचे टायर (आईबाबांसाठी)

नमस्कार मंडळी,

सध्या पुण्यात असलेल्या किंवा कायमचं तिकडे परत गेलेल्या कोणाला माहिती असेल तर प्लीज सांगा. आईबाबांची ब्रेझा आहे, २०१८ ची, सहकारनगरला पार्किंगमध्येच जास्त उभी असते, भाजी, दवाखाना आणि गणपतीत चिपळूण एवढंच रनिंग. सर्व्हिसिंगवाला म्हणतो टायर बदला, बाबा म्हणतात नक्षी अजून मस्त आहे, उगाच खर्च कशाला. मी इकडे डेट्रॉइटला बसून रिव्ह्यू वाचतोय तर सगळीकडे ऑल-सीझन, विंटर, ट्रेडवेअर ७०० वगैरे, आणि तिकडच्या दुकानदाराने कोटेशन पाठवलंय त्यात नुसतं कंपनीचं नाव आणि रक्कम. त्याला नेमकं काय विचारू? चारही बदलायचे का दोनच?

---

अरे, आधी बाबांचं बघू, कारण त्यांना पटलं नाही तर तू तिकडून कितीही रिव्ह्यू वाच, गाडी दुकानापर्यंत जाणारच नाही.

टायर फक्त झिजून संपत नाही, वयानेही संपतो. उभ्या गाडीचं रबरसुद्धा ऊन आणि हवा लागून कडक होत जातं, साईडवॉलला बारीक चिरा पडतात, वरून नक्षी छान दिसते पण ओल्या रस्त्यावर पकड गेलेली असते. बाबांना सांग, टायरवर डीओटी (DOT) असं लिहिलेलं असतं त्या ओळीच्या शेवटी एका लांबट चौकटीत चार आकडे असतात त्याचा फोटो काढून पाठवा. ३२१८ असेल तर २०१८ चा ३२ वा आठवडा. हे चार आकडे बरेचदा एकाच बाजूला असतात आणि ती बाजू नेमकी गाडीच्या आत गेलेली असते, मग त्यांना वाकायला लावू नकोस, पंक्चरवाल्याला मोबाईलचा टॉर्च लावून बघायला सांग. मिशेलिनसारख्या कंपन्या म्हणतात की पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांनंतर चांगला दिसला तरी काढा. माझं मत विचारशील तर वयस्कर माणसं भर पावसात ताम्हिणी किंवा कुंभार्ली घाट उतरणार असतील तर दहाची वाट बघायचीच नाही. गाडीबरोबर आलेलेच टायर असतील तर चारही बदल, आणि स्टेपनीची तारीखही बघून घे, तिच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं.

आता विंटर आणि ऑल-सीझन हे डोक्यातून काढून टाक. ती तुमच्याकडच्या बर्फाची गरज आहे, साधारण ७ डिग्रीच्या खाली साधं रबर कडक पडतं म्हणून तिकडे वेगळं कंपाउंड लागतं. पुण्यात जानेवारीत पहाटे स्वेटर लागतो तेवढंच. इथे प्रश्न पावसाचा. जूनच्या पहिल्या सरीत रस्त्यावरचं ऑइल वर येतं तेव्हा कात्रजहून नवले पुलाकडे येणारा उतार आठव, तिथे ब्रेक लागला पाहिजे. म्हणून वेट ग्रिप, म्हणजे ओल्या रस्त्यावरची पकड, कशी आहे हेच विचारायचं.

ट्रेडवेअर ७०० पण तुझ्या कामाचं नाही. तो आकडा टायर किती सावकाश झिजतो त्याचा, शिवाय प्रत्येक कंपनी तो स्वतःच ठरवते त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. आईबाबांच्या रनिंगला टायर झिजायच्या आधी म्हातारा होणार, मग एक लाख किलोमीटर चालणारा कडक टायर घेऊन करायचं काय? त्यापेक्षा मऊ, कमी आवाजाचा, पावसात धरणारा घे, थोडा लवकर झिजला तरी यांचं काही बिघडत नाही.

साईज मात्र गाडीच्या नावावरून सांगू नकोस. त्या ब्रेझात खालच्या मॉडेलला २०५/६० आर १६ यायचे आणि वरच्यांना २१५/६० आर १६, त्यामुळे ड्रायव्हरच्या दाराजवळचा स्टिकर बघ. पुढे ९५एच असेल तर ९५ म्हणजे एका टायरवर ६९० किलोपर्यंत लोड आणि एच म्हणजे ताशी २१० पर्यंत. आहे त्यापेक्षा कमी लोडचा घ्यायचा नाही, दुकानदार काहीही म्हणो.

कंपनीवरून फार डोकं खाऊ नकोस, एमआरएफ, अपोलो, सिएट, ब्रिजस्टोन (चाकणला त्यांचा कारखानाच आहे), योकोहामा, यातला कुठलाही ताजा टायर चालेल. दोन वर्षं गोडाऊनमध्ये पडलेल्या भारी टायरपेक्षा मी तर दोन महिन्यांपूर्वी बनलेला साधा घेईन.

---

ताई, छान लिहिलंयत. एक विचारू का, कोकणातले खड्डे बघता आणखी रुंद, २२५ चे घालून घेतले किंवा ते ऑल-टेरेन वाले, तर जास्त बरं नाही का? आणि मिशेलिन घ्यायचा तर हव्या त्या साईजला मिळतच नाही म्हणतात, खरंय का?

---

ऑल-टेरेन नको हो. त्याची ठोकळ्यांची नक्षी मातीसाठी असते, डांबरावर आवाज करते, मायलेज खाते, आणि ओल्या डांबरावर साध्या रोड टायरइतकी धरत नाही. गाव चिपळूण असलं तरी रस्ता डांबरी आणि सिमेंटचाच आहे ना. २२५/६० घातला तर २१५ पेक्षा टायरची उंची १२ मिलिमीटरने वाढते, स्पीडोमीटर आधीपेक्षा कमी दाखवायला लागतो, स्टिअरिंग जड लागतं. खड्ड्यात साईडवॉलला फुगा येतो तो बरेचदा हवा कमी असल्यामुळे, आणि उभ्या गाडीची हवा हळूहळू उतरतच असते, तेव्हा महिन्यातून एकदा गार टायरमध्ये स्टिकरवर आहे तेवढी भरली की झालं. नायट्रोजनसाठी पैसे देऊ नका, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

मिशेलिनचं म्हणाल तर जून २०२० पासून बाहेरून टायर आणायला सरकारी परवाना लागतो, तेव्हापासून काही साईजचे वांधे आहेत. नाना पेठेत दोनचार दुकानं फिरलात तर मिळेलही, पण हट्ट नको.

आणि अरे, तुझं ते कोटेशन जुनं असेल तर नवीन माग, २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झालाय. दुकानदाराला असं व्हॉट्सअ‍ॅप कर, जसंच्या तसं:

"स्टिकरवरच्या साईजचे चार टायर, लोड आणि स्पीड आहे तेच. टायरचं पूर्ण मॉडेल नाव लिहा. चारही एकाच मॉडेलचे, सहा महिन्यांच्या आतले, रिमवर चढवायच्या आधी चारही तारखांचे फोटो पाठवा. नवे व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट धरून रक्कम सांगा, जुन्या टायरचे किती वजा करणार ते वेगळं लिहा. पक्कं बिल आणि वॉरंटी कार्ड बाबांच्या हातात द्या."

फोटो आले की इथे टाक, मी बघते.