१९०७ चा कार्लाइलचा अमेरिकन फुटबॉल सीझन: एवढ्या मोठ्या कॉलेजांना हरवलं कसं?

रानवाटा:
ऑलिंपिक खेळाडू जिम थॉर्पबद्दल वाचत होतो, त्यात ही टीम सापडली. पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावची इंडियन स्कूल, खरं तर कॉलेजच नाही, अमेरिकेतल्या मूलनिवासी मुलांसाठी सरकारने चालवलेली बोर्डिंग शाळा, आणि १९०७ साली त्यांनी पेन (पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटी), हार्वर्ड, मिनेसोटा, शिकागो सगळ्यांना हरवलं, ११ पैकी १० मॅच जिंकल्या. समोरचे खेळाडू तर अंगाने कितीतरी भारी असायचे. मग हे जमलं कसं, थॉर्पमुळे का?

मैदानी:
थॉर्पचं ते पहिलंच वर्ष, त्याचं नाव झालं ते नंतर. खरी गोष्ट पासची आहे. तेव्हाचा फुटबॉल म्हणजे नुसती रेटारेटी, १९०५ च्या सीझनमध्ये पोरं मेली, प्रेसिडेंट रूझवेल्टनी कॉलेजवाल्यांना बोलावून खेळ सुधारा म्हणून सांगितलं आणि १९०६ पासून बॉल पुढे फेकायला, म्हणजे पास द्यायला, परवानगी मिळाली. पण पास चुकला की दंड, कधी बॉलच समोरच्यांना, त्यामुळे मोठी कॉलेजं बिचकत होती. कार्लाइलचा कोच पॉप वॉर्नर मात्र १९०७ मध्येच कॉर्नेल कॉलेजहून परत आला होता, त्याने हलक्या, चपळ पोरांसाठी पासवरच खेळ उभा केला. कबड्डीत पकडायला सात जण असतात आणि हलका गडी हाताला लागत नाही, तसंच काहीसं. कार्लाइलचा पीट हाऊजर बॉल गरगर फिरवत लांब फेकायचा, हे तेव्हा लोकांना नवीन होतं. २६ ऑक्टोबरला फिलाडेल्फियात पेनला २६-६ ने हरवलं, पेन त्या वर्षी हीच एक मॅच हरले!

उनाड:
शिकागोची मॅच विसरू नका, माझी सगळ्यात आवडती. अल्बर्ट एक्झेंडाइन पास घ्यायला पळाला की शिकागोवाले त्याला आधीच पाडायचे. मग म्हणे तो एकदा सरळ मैदानाच्या बाहेर गेला, त्यांच्याच बेंचच्या मागून पळत पुढे जाऊन परत आत शिरला, तोवर हाऊजरने बॉल हातात धरून ठेवला होता, आणि मग लांब फेकला तर एक्झेंडाइन एकटाच उभा! तेव्हा नियमात हे बसत होतं. १८-४ ने जिंकले. हार्वर्डला २३-१५ ने हरवलं तेही पहिल्यांदाच. हरले ते फक्त प्रिन्स्टनला, १६-०, न्यूयॉर्कच्या पावसात, ओल्या बॉलने पास कुठून होणार.

शिरीषफूल:
सगळं खरं, पण ती शाळा काय होती तेही इथे यायला हवं. १८७९ मध्ये रिचर्ड प्रॅटने ती काढली ती या मुलांमधली त्यांची ओळखच पुसायला. आल्या आल्या केस कापायचे, नाव बदलायचे, आपल्या भाषेत बोलायला बंदी. कितीतरी मुलं तिथेच गेली, २०१७ पासून अमेरिकन आर्मी त्यांचे अवशेष घरच्यांना परत देतेय. आणि ज्या मॅचवर आपण टाळ्या वाजवतोय त्यांच्या तिकिटांचा पैसा वॉर्नरच्या हातातल्या फंडात जायचा, १९१४ मध्ये अमेरिकन काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, चौकशी केली त्यात हा हिशोबही निघाला. म्हणून माझ्या मते श्रेय आधी पोरांचं, वॉर्नरचं नंतर. पास त्याने शिकवला असेल, पण ज्या शाळेने त्यांना मोडायला घेतलं होतं तिच्याच नावाने ती पोरं एवढं भारी खेळली.

रानवाटा:
हे माहीतच नव्हतं, वाईट वाटलं. या पोरांचं पुढे काय झालं?

मैदानी:
शिरीषफूल यांचं पटलं. एक्झेंडाइनने कार्लाइलमधल्याच डिकिन्सनला कायद्याचं शिक्षण घेतलं आणि जॉर्जटाऊनचा कोच झाला. क्वार्टरबॅक (टीमच्या चाली चालवणारा खेळाडू) फ्रँक माउंट प्लेझंट १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये लांब उडी मारून आला. थॉर्पची १९१२ ची सुवर्णपदकं सगळ्यांना माहीत आहेत, पण शोधायचंच तर हाऊजरपासून सुरुवात करा, त्याच्याबद्दल फार कमी लिहिलं गेलंय.