गाडीतून उतरलं की पक्षी उडतात, काय करू?

नवशिका: समुद्रालगतच्या रस्त्यावरून माझं रोजचं जाणं-येणं. रस्त्याखालीच चिखलाचा मोठा पट्टा आहे आणि त्यात शेकडो पक्षी असतात. हौसेनं ४०० मिमीची लेन्स घेतली. चार रविवार सकाळी सातला गेलो. दोनदा पक्षी इतके लांब की नुसते ठिपके, आणि दोनदा जवळ होते तर दार उघडताच सगळा थवा भुर्र! बगळ्यांचे फोटो म्हणजे पांढरे डाग. शिवाय ते छोटे पक्षी सगळे सारखेच दिसतात. कुणी मार्ग दाखवेल का?

भरतीची_वाट: पहिलं म्हणजे दार उघडूच नका. गाडीची पक्ष्यांना सवय होते, पण दोन पायांवर उभी राहिलेली आकृती दिसली की ते उठतातच. इंजिन बंद करा, त्याची थरथर लेन्समध्ये उतरते. एसी बंद करून काच आधीच खाली घ्या, कारण आतल्या-बाहेरच्या हवेत फरक असला की चित्र लहरतं. धान्य भरलेली कापडी पिशवी काचेच्या कडेवर ठेवून त्यावर लेन्स टेकवा.

तुमच्या रविवारांचं कोडं भरतीचं आहे. दिवसातून दोनदा भरती येते तिथे ती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. म्हणजे आठवड्यात जवळजवळ सहा तास! या रविवारी सातला भरती असेल तर पुढच्या रविवारी सातला ओहोटी. घड्याळ सोडा, भरतीचं वेळापत्रक बघा. पूर्ण भरतीच्या दोनेक तास आधी जाऊन बसा. पाणी चढत येतं आणि पक्ष्यांना तुमच्याकडे ढकलत आणतं.

एकदा असाच चाळीस मिनिटं बसलो होतो. चिखल्या नावाचा एक छोटा पक्षी पुढच्या चाकापासून सहा-सात पावलांवर आला. थोडा पळाला, थांबला, मग एक पाय पुढे करून ओल्या चिखलावर भरभर थरथरवू लागला. खालचे किडे हलावेत म्हणून ते असं करतात. मग एकदम चोच खाली, आणि वर आला तो लांबलचक किडा. मी फोटो काढायचाच विसरलो.

चालत्या पक्ष्याला १/१००० सेकंद, उडत्याला १/२००० सेकंद शटर ठेवा. पांढऱ्या बगळ्यामागे गडद चिखल असेल तर एक्स्पोजर (फोटोतला उजेड) पाऊण ते एक स्टॉप कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), पिसं दिसू लागतील.

दुर्बीणवाला: ओळखायला रंगाच्या आधी चाल बघा. आखूड चोच, मोठे डोळे आणि पळ-थांब-टिप अशी चाल असेल तर चिखल्या. मागचा भाग सारखा वरखाली हलवत काठाकाठानं चालणारा तुतवार. चोच खाली रोखून उडत पाण्यात सूर मारतो तो सुरय, आणि पाण्यावर निवांत तरंगत बसतो तो कुरव. एकच गडबड होईल: समुद्र बगळा पाटीसारखा गडदही असतो आणि पांढराही. दोन्ही एकच जात.

गाडी मात्र रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्या. वळणावर कधीच थांबू नका, समोर रोहित (फ्लेमिंगो) उतरले असले तरी.

भरतीची_वाट: अजून एक, आणि हे मी कळकळीनं सांगतो. ऐन भरतीला थवे कोरड्या जागी दाटीनं, एका पायावर झोपतात. उडतानाचा फोटो हवा म्हणून टाळ्या वाजवणारे पाहिलेत मी. फार वाईट वाटतं. २०२२ साली गॉडविट या लांब चोचीच्या किनारी पक्ष्याचं एक पिल्लू, जेमतेम पाच महिन्यांचं, अलास्काहून टास्मानियाला ११ दिवसांत कुठेही न उतरता १३,५६० किलोमीटर उडत गेलं. एवढ्या प्रवासाची चरबी असे पक्षी चिखलातूनच साठवतात. आपण उडवलं की ती जळते.

नवशिका: काल वेळापत्रक बघून दुपारी तीनला जाऊन बसलो. साडेतीनपर्यंत काहीच नाही. मग पाणी सरकलं तसे ते आले. तीन चिखल्या आणि शेपटी हलवणारा एक तुतवार, अगदी काचेखाली. एका फोटोत त्याच्या चोचीवरचा चिखलसुद्धा दिसतोय!