पदवीदानाला जायचं कशाला?

करमाळ्याची: काल इथे एकानं लिहिलं, "पदवीदानाला जातात ते हौशे. पदवी डिजिलॉकरात येते, एक रजा आणि गाडीभाडं कशाला घालवायचं?" डोक्यातच गेलं, म्हणून सविस्तर. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. वडील पहाटेच्या एसटीनं पुण्याला आले. इस्त्रीचा शर्ट पिशवीत आणलेला, प्रवासात चुरगळू नये म्हणून. स्वारगेटच्या नळावर तोंड धुऊन तिथंच बदलला. डिजिलॉकर दाखवायला ते कुठं उभे राहणार होते?

दोन पैसे: तो एक मीच. भावना पोचल्या. आता माझं ऐका. तीन तास बसवलं. स्टेजवर फक्त पीएचडी आणि सुवर्णपदकवाले. आम्हाला "उभे राहा", मग "बसा". झाली पदवी! फोल्डरमध्ये अभिनंदनाचं पत्र, मूळ पदवी खिडकी क्रमांक चारला, आणि तिथं जेवणाची सुट्टी. यूजीसीचा नियम 180 दिवसांचा. मला दीड वर्षानं मिळाली, तीही आडनावातला काना खाऊन.

खडूस मास्तर: आधी 'पदवीदान' हा शब्द टाका. फी घेऊन दिलेलं दान कसलं? दीक्षान्त म्हणा. तैत्तिरीय उपनिषदात शिष्य घरी निघताना गुरू सांगतो, सत्यं वद, धर्मं चर. आणि ते काळे झगेही उतरवा. जयराम रमेश यांनी 2010 मध्ये भोपाळला भर समारंभात उतरवला होता.

दोन पैसे: ते मंत्री होते. माझे झग्याच्या अनामतीचे पाचशे अजून अडकलेत.

उन्हाळकर: झगा काढून घालणार काय मास्तर? पगडी? विद्यापीठाला 2014 मध्ये सावित्रीबाईंचं नाव दिलं, तरी 2019 च्या समारंभात पुणेरी पगडी की फुले पगडी यावरून घोषणा झाल्याच ना?

खडूस मास्तर: प्रत्येक गोष्टीत जात आणायलाच हवी का? पगडी ही शहराची ओळख आहे.

उन्हाळकर: कुठल्या शहराची? कुठल्या पेठांची म्हणा.

खडूस मास्तर: माझे आजोबा भिक्षुकी करून माधुकरीवर शिकले. पेठांचं मला सांगू नका.

उन्हाळकर: माधुकरी मागायला दारं तरी उघडत होती. माझ्या आजोबांना शाळेत ओट्यावर बसवायचे.

खडूस मास्तर: ... ते चूकच होतं. पण म्हणून पगडी मी घातली नव्हती, एवढं लक्षात घ्या.

करमाळ्याची: अहो, धागा जायचं की नाही यावर आहे! 1886 मध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या, तेव्हा त्या समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून बोटीनं फिलाडेल्फियाला गेल्या. आणि इथं लोकांना एक रजा जड होते.

दोन पैसे: त्यांना खिडकी क्रमांक चार नव्हती हो. बरं, तुमच्या वडिलांचा शर्ट जिंकला. माझा अर्ज मागे. दीड वर्षाचं मात्र मागे घेणार नाही.

करमाळ्याची: नकाच घेऊ. खरं सांगू? वडिलांनी त्याच संध्याकाळी पदवी लॅमिनेट करून आणली. पुढे मी साक्षांकनाला गेले तर तिथले म्हणाले, लॅमिनेशन चालत नाही. दुय्यम प्रत काढायला चार खेटे. वडिलांना अजून सांगितलेलं नाही.

उन्हाळकर: गरम इस्त्री फिरवली की निघतं म्हणे.

दोन पैसे: अजिबात नको! शाई प्लास्टिकबरोबर येते. अनुभव आहे.