आर्थर डेविसच्या चित्रांतली माणसं बाहुल्यांसारखी का दिसतात?

कुंचला: आर्थर डेविसने (1712–1787) इंग्लिश जमीनदार कुटुंबांची काढलेली समूहचित्रं अभ्यासतोय. चेहरे वेगवेगळे, पण अंगं जणू एकाच साच्यातली. हात कच्चा होता की पद्धतच तशी? आणि सही नसेल तर चित्र त्याचं हे ओळखायचं कसं?

तैलरंग: पद्धतच तशी. चेहरा माणूस समोर बसवून काढायचा, बाकी अंग मात्र सांध्यांत वळणाऱ्या छोट्या पुतळ्यावरून. पुतळ्याच्या मापाचे कपडे शिवलेले असत, त्यामुळे तोच पोशाख वेगवेगळ्या कुटुंबांच्या अंगावर दिसतो. फसगत इथेच होते: कापड जाड आणि पुतळा लहान, म्हणून चुण्या मोजक्या आणि कडक पडतात. पुतळ्याला वजन नाही, त्यामुळे उभ्या माणसाचा भार एका पायावर आल्यासारखा वाटत नाही. डोकं नंतर जोडल्यामुळे मानेचा कोन आणि खांदे जुळत नाहीत. एका घरातली चार माणसं एकमेकांकडे बघतच नाहीत, तेही त्यामुळेच.

जुनी_चौकट: थोडी भर. सगळं खापर पुतळ्यावर नको. एक हात जाकिटात, पावलं काटकोनात, पाठ ताठ ही त्या काळची खानदानी उभं राहण्याची रीत होती आणि गिऱ्हाइकाला तीच हवी असे. लिव्हरपूलच्या वॉकर आर्ट गॅलरीतलं अ‍ॅथर्टन दांपत्याचं चित्र बघा: खोली रिकामी, जमीन लखलखीत. अशा खोल्या तो बऱ्याचदा मनानेच रचत असे. तेव्हा त्यावरून त्या घराचं सामान ठरवू नका.

तैलरंग: ओळखण्याबद्दल: आधी कोपऱ्यात सही आणि साल शोधा, बऱ्याच चित्रांवर ती आहेत. त्याच काळातला इंग्लिश चित्रकार गेन्सबरो, त्याच्या सुरुवातीच्या चित्रांशी गल्लत होते, कारण तिथेही माणसं बाहुलीसारखीच. पण गेन्सबरोच्या चित्रातल्या अँड्र्यूज दांपत्यामागचं शेत खरं आहे, त्यावरचं आभाळ आणि उजेडही. डेविसची झाडं नाटकातल्या पडद्यासारखी मागे उभी असतात. झोफनी या दुसऱ्या समकालीन चित्रकाराकडे माणसं खरोखर काहीतरी करत असतात. त्याची चलती झाल्यावर डेविस मागे पडला, आणि उतारवयात लंडनमधल्या ग्रीनिचच्या पेंटेड हॉल या रंगवलेल्या दालनातल्या चित्रांची डागडुजी त्याने केली.

जुनी_चौकट: नावाचा घोळही टाळा. बंगालमध्ये काम केलेला आणि टिपूच्या मुलांना इंग्रज गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिसकडे ओलीस देतानाचा प्रसंग रंगवणारा तो मुलगा, आर्थर विल्यम डेविस. बाप हिंदुस्थानात आला नाही. त्याचा इकडचा दुवा एवढाच, की 1751 सालच्या जेम्स कुटुंबाच्या चित्रातले रॉबर्ट जेम्स ईस्ट इंडिया कंपनीचे सेक्रेटरी होते. ते चित्र लंडनच्या टेट कलासंग्रहालयाच्या संग्रहात आहे. वरचे सगळे मुद्दे त्यावर ताडून पाहा.