वाईट दिवसांत तुमचा आनंद टिकला का? अनुभव लिहा

निळी छत्री
परवा भाचीकडून संडेस्कूलचं वचन पाठ करून घेत होते. "प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा." घडाघडा म्हणाली आणि मग विचारते, "मावशी, हे लिहिणारा तुरुंगात होता ना? मग तो खोटं बोलत होता का?" तेव्हा हसले, पण रात्री झोप लागेना. हेच वचन मला एकदा आयसीयूच्या दाराबाहेर एका बाईंनी ऐकवलं होतं. हे आत व्हेंटिलेटरवर, मी बाहेर बाकावर, आणि बाई म्हणतात, "असा चेहरा पाडून बसू नये, साक्ष बिघडते." इतका संताप आला होता की पुढे कित्येक महिने हे वचन ज्यात आहे ते बायबलमधलं पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र उघडलंच नाही.

उघडलं तेव्हा दुसऱ्या अध्यायातच अडकले. पौलाचा सोबती एपफ्रदीत आजारी पडून मरता मरता वाचला, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं, असं पौल सरळ लिहितो. तिसऱ्या अध्यायात म्हणतो, हे मी रडत सांगतोय. आणि चौथ्यात आनंद करा! एकाच पत्रात काळजी आहे, रडणं आहे, आनंदही आहे, आणि त्यातलं काहीच त्याने खोडलेलं नाही. त्या बाईंनी मला फक्त एक ओळ दिली होती.

हे आता घरी आहेत. दिवसभर कुरकुर करतात, म्हणजे ठणठणीत आहेत. पण तुम्हाला विचारावंसं वाटलं. अशा काळात तुमचं कसं झालं? आनंद टिकला का, की गेला? गेला असेल तर तेही लिहा. उपदेश नकोत, ते रविवारी मिळतातच.

रात्रपाळी
गेला होता. मग आला. ड्यूटीवर आहे, नंतर लिहितो.

रोझमेरी
साक्ष बिघडते म्हणे, म्हणजे आपला विश्वास लोकांना दिसत नाही! अशा बाया सगळ्या मंडळ्यांत एकेक वाटून दिलेल्या असतात का?

मागचा_बाक
एकेक? आमच्याकडे समिती आहे.

बेसवाला
नोकरी गेली तेव्हाचं सांगतो. घरी बायकोला माहीत होतं, मुलांना नाही. सकाळी बॅग घेऊन निघायचो आणि वाचनालयात जाऊन बसायचो. रविवारी उपासनेला जाणं बंद केलं, कारण बाहेर पडताना सगळे "काय, कसं चाललंय" विचारतात आणि मला "प्रभूच्या कृपेने छान" म्हणता येत नव्हतं. गायकवृंदात मी बेस गातो, म्हणजे सगळ्यात खालचा आवाज. आमच्या गायन घेणाऱ्या सरांचा फोन आला. मला वाटलं आता प्रार्थना करणार. ते म्हणाले, "तुझा विश्वास सध्या कुठे आहे ते प्रभूला ठाऊक, पण बेस नसला की चौथी ओळ कोसळते. तू ये."

गेलो. पहिले काही रविवार नुसतं तोंड हलवलं. शेजारचा गात होता म्हणून माझं भागलं. कधी आवाज निघायला लागला ते कळलंही नाही. तोपर्यंत नोकरी लागलेली नव्हती, हे मुद्दाम सांगतोय, कारण साक्ष सांगताना लोक नेहमी नोकरी लागल्यावरचीच सांगतात.

आणखी एक. त्याच पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल फिलिप्पैच्या लोकांना म्हणतो, माझ्या संकटात तुम्ही सहभागी झालात हे चांगलं केलंत. त्यांनी त्याला मदत पाठवली होती, एपफ्रदीत तीच घेऊन आला होता. आमच्याही दारात एकदा पाकीट आलं, नाव नसलेलं. अजून कळलेलं नाही कुणाचं ते. कुणाला आनंद करायला सांगायचं असेल तर आधी पाकीट पाठवा, मग वचन!

रोझमेरी
शेवटची ओळ आमच्या मंडळीच्या फळ्यावर लिहायला हवी 😄

सुमन_ता
माझ्या मोठ्या दिरांचं नाव आनंद. घरात हे वचन वाचलं की सगळे त्यांच्याकडे बघतात आणि ते म्हणतात, मी काय केलं आता? विषयांतराबद्दल माफी. मशीन थांबलं, कपडे वाळत घालून येते.

अबोली
कधी लिहिलं नव्हतं हे. आमचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी बोलायचं असायचं. देवाची योजना, स्वर्गात देवदूत, पुन्हा होईल, तरुण आहात. सासऱ्यांनी शेवटी दार लावून घेतलं, देव त्यांचं भलं करो.

आमचे पाळक आले, ते बायबलमधलं स्तोत्र 88 वाचून गप्प बसले. माहीत नसेल त्यांनी वाचून बघा. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी वळतात, "तरीही मी स्तुती करीन" वगैरे. हे वळत नाही. अंधारातच संपतं. मी म्हटलं, पुढे? ते म्हणाले, पुढे काही नाही, असंच आहे, आणि तरीही ते शास्त्रात ठेवलंय. ते गेल्यावर मी पहिल्यांदा पोटभर रडले. माझ्याआधी कुणीतरी इथे येऊन गेलंय आणि त्याला कुणी हाकललेलं नाही, एवढाच दिलासा होता त्यात. त्याला आनंद म्हणायचं का? मी म्हणते. तुम्ही नका म्हणू हवं तर.

निळी छत्री
अबोली, म्हणायचं. नक्की म्हणायचं.

सुमन_ता
अबोली बाळा, कपडे तसेच टाकून परत आले. माझी पहिली पण अशीच गेली. खूप वर्षं झाली त्याला. अजून तिचा वाढदिवस मी आणि हे दोघंच करतो, कुणाला न सांगता. रडतोही आणि हसतोही त्या दिवशी.

गुलाबी_मेणबत्ती
आम्ही कॅथलिक. आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांत, चारपैकी तीन मेणबत्त्या जांभळ्या आणि एक गुलाबी असते ना, ती तिसऱ्या रविवारची. त्या दिवशीच्या मिस्साचा प्रवेशपाठ म्हणजे हेच फिलिप्पैचं वचन. ईस्टरआधीच्या उपवासकाळातही चौथ्या रविवारी फादर गुलाबी झगा घालू शकतात. लहानपणी वाटायचं, ही काय फॅशन. आई शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा उपवासकाळच चालू होता. त्या चौथ्या रविवारी गुलाबी झगा दिसला आणि डोक्यात आलं, अरे, हा दिवस पुनरुत्थानाच्या सणानंतर ठेवलेला नाही. दुःखाच्या मधोमध ठेवलाय, शुभ शुक्रवार यायचा आहे अजून. घरी जाऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, फादरांना गुलाबी अजिबात शोभत नाही. खरंच नाही शोभत. दोघं खूप हसलो.

मागचा_बाक
आमच्या पाळकांना कुठलाच रंग शोभत नाही, पण ते फक्त पांढरा घालतात.

दुसरी_खिडकी
सगळं वाचतेय. माझं वेगळं आहे. बाहेरून संकट काहीच नाही. डिप्रेशन आहे, गोळ्या चालू आहेत. प्रार्थनासभेत एकांनी सांगितलं, आनंद हे पवित्र आत्म्याचं फळ, तुझ्यात दिसत नाही म्हणजे आत काहीतरी अडलंय. तेव्हापासून सभेला जात नाही. देवावर राग नाही. पण आनंद म्हणजे नक्की काय वाटायला पाहिजे हेच आता आठवत नाही.

सिस्टर_ऑन_ड्यूटी
दुसरी_खिडकी, मी वॉर्डात असते, घाईत लिहितेय. गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत हं, कुणीही काहीही सांगितलं तरी. काही बदल हवा असेल तर डॉक्टरांशी बोलायचं.

आणि बायबलमधला संदेष्टा एलीया आठव. 1 राजे 19. झुडपाखाली बसून म्हणतो, पुरे झालं, माझा जीव घे. देवदूताने काय केलं? उठवून खायला-प्यायला दिलं. तो पुन्हा झोपला तर झोपू दिलं. मग पुन्हा उठवून दिलं, वर म्हणाला, वाट तुला फार होईल. आत काय अडलंय हे काही विचारलं नाही. बेल वाजली, जाते.

प्रूफरीडर
मी कॉरी टेन बूमची आठवण काढणार होतो, ज्यूंना लपवल्याबद्दल पकडलेली डच ख्रिस्ती बाई. नाझींच्या रेव्हन्सब्रुकच्या छळछावणीत बरॅकीत इतक्या पिसवा होत्या की बहीण बेट्सीने त्यांच्यासाठीही आभार मानले. नंतर कळलं, पिसवांमुळेच पहारेकरी आत येत नव्हते आणि म्हणून त्यांना शास्त्रवाचन करता येत होतं.

रोझमेरी
ही गोष्ट मला प्रत्येक शिबिरात ऐकवलीय आणि दर वेळी मी चिडलेय. मला पिसवांसाठी आभार मानता येणार नाहीत. सॉरी.

प्रूफरीडर
मग ऐका, कॉरीलाही सुरुवातीला ते मुळीच पटलं नव्हतं. आणि बेट्सी डिसेंबर 1944 मध्ये तिथेच वारली. शिबिरात हे दोन्ही घाईघाईत उरकतात. माझ्या मते गोष्टीचा जीव त्यातच आहे. आभार मानणारी वारली, न पटलेली जगली आणि उरलेलं आयुष्य बहिणीचं म्हणणं सांगत फिरली.

आपल्याकडे पंडिता रमाबाई. आईवडील आणि बहीण दुष्काळात गेले, नवरा 1882 मध्ये कॉलऱ्याने. एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 मध्ये गेली आणि स्वतः रमाबाई 5 एप्रिल 1922 ला. मधल्या त्या महिन्यांतही बायबलच्या भाषांतराचं काम चालू होतं. तो आनंद होता की चिकाटी? मला वाटतं, काही काळ चिकाटीवरच भागवावं लागतं. माझा पेशा बघता मी त्यांची बाजू घेणारच म्हणा.

वरचा_मजला_खालचा_मजला
मी ख्रिस्ती नाही. लिहू का? आमच्या वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाचा तरुण मुलगा अपघातात गेला. आठवडाही झाला नसेल, संध्याकाळी वरून गाण्याचे आवाज. मी बायकोला म्हणालो, काय माणसं आहेत ही! मग एकदा लिफ्टमध्ये काकू भेटल्या, डोळे सुजलेले. त्याच संध्याकाळी पुन्हा गाणं. न राहवून विचारलं. म्हणाल्या, "रडून झालं की गातो, गाऊन झालं की रडतो. दुसरं येतं काय आम्हाला?" त्यानंतर आम्ही त्या वेळेला टीव्ही बंद ठेवायला लागलो. एक गाणं बायकोला पाठ झालंय.

बेसवाला
दादा, अवश्य लिहा, परवानगी कसली मागता. बायबलमध्ये पौल आणि त्याचा सोबती सीला यांना फटके मारून, पाय खोड्यात अडकवून आत टाकलं होतं, मध्यरात्री ते गात होते, आणि तिथे एक वाक्य आहे की बाकीचे कैदी ऐकत होते. मग भूकंप होऊन तुरुंगाची दारं उघडली, त्या भूकंपावर सगळे बोलतात, ऐकणाऱ्यांवर कोणी बोलत नाही. वहिनींना कुठलं गाणं पाठ झालंय?

वरचा_मजला_खालचा_मजला
शब्द नीट येत नाहीत तिला, चाल येते. विचारून सांगतो.

रात्रपाळी
सुटलो. तर, वडील गेले. भांडण मिटवायचं राहिलं होतं. उपासनेला जायचो, पण सगळ्यात मागे बसून, संपायच्या आधी निघून. असं बराच काळ.

एकदा प्रभुभोजनाला, म्हणजे उपासनेत भाकर आणि द्राक्षारस घेतात तेव्हा, शेजारी एक खूप म्हातारे गृहस्थ होते. त्यांचा हात थरथरला आणि अख्खा प्याला माझ्या पांढऱ्या शर्टावर. ते इतके ओशाळले, आणि घाईत स्वतःच्या टोपीने पुसायला लागले. टोपीने! मला हसू फुटलं. मग त्यांनाही. दोघं खांदे हलवत, आवाज दाबत, आणि पाळक वेदीवरून बघतायत. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, वडील कोण तुमचे? नाव सांगितलं. ते वडिलांना ओळखत होते. माझ्याबद्दल वडील काय बोलायचे ते त्यांनी सांगितलं. ते इथे लिहीत नाही. चांगलं होतं.

अबोली
🙏 रात्रपाळी.

सुमन_ता
डाग गेला का पण?

रात्रपाळी
नाही ताई. आईने तीन प्रकारे धुवून बघितला.

सुमन_ता
लगेच गार पाण्यात टाकायला हवा होता. गरम पाण्याने पक्का बसतो.

मागचा_बाक
टोपीचं काय झालं ते कुणीच विचारत नाही.

दुसरी_खिडकी
टोपीवर मी हसले. खरंच हसले. सिस्टर, ती एलीयाची गोष्ट पुन्हा वाचली. बेसवालादादा, तुमची उपासना ऑनलाइन असते का? मला एकदम जाऊन लोकांत बसणं जमणार नाही.

बेसवाला
असते, रविवारी सकाळी दहाला. लिंक मेसेज करतो. कॅमेरा बंद ठेवला तरी चालतं, कुणी काही विचारत नाही. फक्त दुसऱ्या गाण्याला आवाज कमी करा. तो ओरडणारा टेनर मी नाही, मी त्याच्या शेजारचा.