मतभेद एकट्यात सांगायचा? मला नाही पटत

कोरा_कागद:
परवा इथे एकाने लिहिलं, "टीममधला मतभेद चारचौघांत काढू नये, नंतर लीडला एकट्यात गाठून सांगावा." वाचून डोकं तापलं. डेटा हलवायच्या आदल्या दिवशी मी लीडला कॉफी मशीनपाशी सांगितलं होतं, बॅकअप रिस्टोअर करून कुणीच पाहिलेला नाही. "बघतो," म्हणाला. रात्री अडीचला ती बॅकअपची फाइल उघडेना. सकाळी तोच सगळ्यांसमोर विचारतो, आधी का नाही बोललात? मी मान खाली घालून बसले. बैठकीत बोलले असते तर आणखी सहा जणांच्या कानावर गेलं असतं.

सावकाश:
ती पोस्ट माझी. तुमचा लीड बेजबाबदार निघाला, यात पद्धतीचा काय दोष? क्लायंट कॉलवर असताना एका ज्युनिअरने मला "हे चूक आहे" म्हटलं. बरोबर होता तो. तरी अर्धा तास मी माझंच घोडं दामटलं, कारण माघार घ्यायला जागाच उरली नव्हती. बाहेर सांगितलं असतं तर पाच मिनिटांत ऐकलं असतं.

कोरा_कागद:
म्हणजे तुमचा अहंकार ज्युनिअरने सांभाळायचा? १९७७ साली टेनेरिफ या स्पॅनिश बेटावरच्या विमानतळावर धुक्यात दोन जंबो विमानं धडकून ५८३ माणसं गेली. समोरचं विमान अजून धावपट्टीवरच आहे का, ही शंका उड्डाणासाठी धावत असलेल्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने काढली होती. कॅप्टन ठामपणे 'हो, बाजूला झालंय' अशा अर्थाचं बोलला आणि विषय संपला.

सावकाश:
दर वादात विमान आणू नका. आपले निम्मे वाद बटण कुठे ठेवायचं यावरचे असतात.

तिसरी_घंटा:
बैठक राहू द्या, खरा रोग ईमेलमधला सीसी आहे, इतरांना प्रत पाठवायचा! मी एका ओळीत शंका विचारली, उत्तरात नऊ नवी नावं जोडलेली. त्यात माझ्या साहेबांचे साहेब. शंका राहिली बाजूला, दोन दिवस मी खुलासेच लिहीत होतो.

भरवसा:
सीसी नसता तर माझी नोकरी गेली असती. तोंडी दिलेली मंजुरी सगळे विसरतात.

तिसरी_घंटा:
पुरावा ठेवा की, पण भांडण सुरू झाल्यावर वरच्यांची नावं घालणं ही धमकी आहे.

भरवसा:
धमकी वाटते त्यालाच, ज्याने शब्द फिरवलेला असतो.

कोरा_कागद:
तुमच्या सीसीसाठी वेगळा धागा काढा!

सावकाश:
बरं, क्लायंट नसेल तर बैठकीत बोला. पण 'चूक आहे' म्हणू नका, 'बॅकअप कुणी तपासला?' असं विचारा.

कोरा_कागद:
सूर बदलेन. पण कॉफी मशीनपाशी परत नाही सांगणार.