मँडरिन माशासाठी जिवंत कोपेपॉड (पाण्यातले अगदी बारीक कवचधारी जीव) कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी, मी जळगावचा. घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत मँडरिन आहे. दिसायला देखणा, पण खाण्याच्या बाबतीत महानखरेल! पेलेटकडे ढुंकूनही बघत नाही. दिवसभर लाइव्ह रॉकवरचे (टाकीत ठेवलेल्या, बारीक जीवांनी भरलेल्या समुद्री खडकावरचे) कोपेपॉड टिपत फिरतो. ते आता संपत आलेत, पोटही खपाटीला गेलंय. तूर्त आर्टेमियाची (कोळंबीसारख्या बारीक खाऱ्या पाण्यातल्या जीवाची) अंडी उबवून ताजी पिल्लं देतोय, पण नुसत्या त्यावर तो तगेल असं वाटत नाही.

धुळे-भुसावळकडे कुणी कोपेपॉड वाढवतं का? मुंबईहून मागवले तर मे महिन्यात, पारा 44 वर असताना, पार्सल जिवंत पोचेल? गोठवलेलं खाद्य खायला मँडरिनला कुणी शिकवलं असेल तर कसं, तेही सांगा. आणि लाइट गेल्यावर पाणी 26 अंशांवर कसं टिकवता?